दर गुरुवारी पिवळा

गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला शेवंताआत्तीच्या मनगटावरचा पट्टा पुन्हा पिवळा झाला, आणि तिनं पहिल्यांदा बघितलं ते सुनेच्या तोंडाकडं. मयुरी ओट्यापाशी भाकरी थापत होती. तिच्या हाताचा ताल जरासुद्धा चुकला नाही. एवढं शांत माणूस काही बरं नाही, असं आत्तीच्या मनात आलं.

"पुन्हा?" मयुरीनं मान न वळवता विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"तुम्ही बोलायच्या थांबलात."

आत्तीनं बांगड्या खाली ओढून पट्टा झाकला. हा तिसरा गुरुवार. रविवारी गोळी, सोमवार ते बुधवार हिरवा, आणि गुरुवार उजाडला की पिवळा. आणखी एकदा झालं की लाल, आणि लाल झाला की दवाखान्यातून बोलावणं. या घरात माणसं तीनच. भाचा संग्राम, त्याची बायको मयुरी आणि आत्ती स्वतः. आत्ती काही स्वतःवर संशय घेणार नव्हती, आणि संग्राम तिच्या मांडीवर वाढलेला. राहिलं कोण, ते सांगायला ज्योतिषी नको.

पट्ट्याचं सांगायला हवं. एचआयव्हीची रोजची गोळी जाऊन आठवड्याची गोळी आली, त्याला चार वर्षं झाली होती. गोळीबरोबर एक चकती आली. संग्रामच्या दंडात कातडीखाली मसुरीच्या दाण्याएवढी ती बसवली होती. तिच्यात प्रयोगशाळेत बनवलेले डीएनएचे अतिसूक्ष्म धागे होते. अंगातल्या द्रवात औषधाचा रेणू भेटला की धागा त्याला विळखा घालतो, आणि त्या विळख्यानं चकतीतला विजेचा प्रवाह तीळभर बदलतो. किती धागे वळले यावरून औषध किती आहे ते कळतं. चकती हे रोज मोजायची आणि रंग करून एका माणसाच्या मनगटावर पाठवायची. एकाच माणसाच्या, आणि ते माणूस रोग्यानं स्वतः निवडायचं. सरकारी कागदावर तिचं नाव हातभर लांब होतं. तासगावात सगळे तिला पाठराखीण म्हणायचे, नव्या नवरीबरोबर सासरी जाते तसली.

संग्रामनं आत्तीला निवडलं होतं, लग्नाआधी आणि लग्नानंतरही. त्याला कारणही तसंच होतं. दीड वर्षाचा असताना त्याचे आईबाप सहा महिन्यांच्या अंतरानं गेले. ज्या आजारानं गेले तो पोराच्या रक्तात आईकडूनच आलेला. भावकी म्हणाली, आश्रमात घाला. शेवंताला नवऱ्यानं नांदवलं नव्हतं, ती माहेरी येऊन बेदाण्याच्या शेडवर प्रतवारीचं काम करायची. ती म्हणाली, "माझ्या भावाचं पोर हाय. आश्रमात जायचं तर मी पण जाते त्याच्याबरोबर." तेव्हापासून सकाळी आठ आणि रात्री आठ, ती घड्याळ लावून गोळी द्यायची. कडू औषध गुळात, केळात, नाहीतर सरळ नाक दाबून. शाळेनं कुरकुर केली तेव्हा ती हेडमास्तरांच्या खोलीत दोन तास खुर्ची धरून बसली होती. हजारो गोळ्या तिच्या हातून गेल्या आणि एक चुकली नाही. आता पोरगा तीस वर्षांचा होता, द्राक्षबागांवर ड्रोननं फवारणी करायचा, चार तालुक्यांत त्याचं नाव होतं. रक्तात विषाणू सापडत नव्हता, म्हणजे बायकोला त्याच्यापासून धोका नव्हता. मयुरी सगळं ठाऊक असून आली होती. तिच्या आईनं संग्रामचे रिपोर्ट स्वतः डॉक्टरांना दाखवले आणि मगच सुपारी फोडली.

तरीही आत्तीला ती पहिल्यापासून नीट पटली नव्हती. मयुरी शीतगृहात तापमानाची यंत्रं सांभाळायची. फार बोलायची नाही, बघायची मात्र सगळं. आणि महिन्यापूर्वी तिनं एक गोष्ट केली. संग्राम गोळी रविवारी रात्री जेवणानंतर घ्यायचा. छाटणीनंतरचे दिवस, फवारणीची झुंबड. दोन रविवारी तो तसाच झोपला आणि पहाटे उठून गोळी घेतली. मयुरी म्हणाली, "सकाळी न्याहारीबरोबर घ्या. रविवारी सकाळी सगळे घरात असतो, विसरायला होणार नाही." संग्रामला पटलं. आत्तीला कुणी विचारलं नाही. आणि वेळ बदलल्यापासून सलग तिसऱ्या गुरुवारी पट्टा पिवळा.

"हिनंच ह्याची वेळ बदलली," आत्ती शेजारच्या इंदूताईला म्हणाली, "आणि आता म्हणती, पुन्हा का?"

"ती कशाला असलं करंल गं?"

"सुटायला. सहा म्हैने सलग हिरवा राहिला की डाक्टर म्हणणार, आता लेकराचा विचार करा. साडेचार म्हैने झालेवते. मन बदललं असंल तिचं. सरळ कसं सांगणार, मला न्हाई राहायचं म्हणून? पट्टा लाल झाला की नाव आपसूक संग्रामचं. ही माहेरी, आणि बोल कुणाला न्हाई."

इंदूताईनं यावर नुसती मान हलवली. आत्तीला तेवढं पुरलं.

आत्तीनं आयुष्यभर बेदाणा निवडला होता. पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं बसलेल्या बायकांत तिच्या नजरेचा दरारा होता. आता ते काम कॅमेऱ्याचं यंत्र करायचं, पण मालकानं आत्तीला ठेवलं होतं, यंत्रानं बाजूला टाकलेल्या मालातून चांगला दाणा काढायला. यंत्र डागाला नासका म्हणायचं. आत्तीला डाग आणि नासका यातला फरक कळायचा. म्हणून तिचा एक ठाम समज होता, की खोट कुठं आहे ते डोळ्याला दिसतंच, फक्त डोळा ठेवायला पाहिजे.

त्या रविवारी तिनं डोळा ठेवला. मयुरीनं कपाटातून डबी काढली, गोळी संग्रामच्या तळहातावर ठेवली. थालीपीठ झालेलं होतं, आत्तीनं ताकाचा तांब्या पुढं केला. संग्रामनं गोळी तोंडात टाकली आणि ताकाच्या दोन घोटांबरोबर गिळली. आत्तीनं त्याला तोंड उघडायला लावलं, लहानपणी लावायची तसं.

"आत्ती, मी तीस वर्षांचा हाय."

"जीब वर कर."

त्यानं जीभ वर केली. मयुरी हे बघत उभी होती. तिची नजर संग्रामच्या तोंडावरून तांब्यावर गेली आणि तिथून आत्तीवर. ते आत्तीला दिसलं, आणि आवडलं नाही.

म्हणजे गोळी पोटात जाते, हे नक्की. मग गोळीच खोटी असणार. आत्तीनं सोमवारी डबीतली एक गोळी पदराच्या गाठीत बांधली आणि सरकारी दवाखान्यात गेली. तिथं समुपदेशक होत्या डिग्रजेबाई, संग्रामला शाळेपासून ओळखणाऱ्या. त्यांच्या टेबलावर पाकिटाएवढं एक यंत्र होतं, गोळीवर प्रकाश टाकून आत काय आहे ते सांगणारं. यंत्रानं अर्ध्या मिनिटात सांगितलं, गोळी अस्सल आहे.

"यंत्राला काय कळतंय," आत्ती म्हणाली.

"आत्ती, तुमचा संशय कुणावर आहे ते मी विचारत नाही. पण हा पट्टा एवढंच सांगतो की औषध कमी आहे. का कमी आहे ते त्याला कळत नाही. ते माणसांनी शोधायचं असतं, आणि माणसं ते भांडून शोधतात, हा माझा अनुभव." डिग्रजेबाईंनी कागद ओढला. "संग्रामला दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत? पित्ताची, कॅल्शियमची, रक्तवाढीची?"

"न्हाई. एकच गोळी हाय त्याला."

"हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं होतं ना उन्हाळ्यात? जुन्या औषधांनी हाडं विरळ झाली आहेत म्हणून?"

"त्या गोळ्या म्या घेऊच दिल्या न्हाईत. पोरगं आधीच गोळ्यांवर जगतंय. हाडांचं मी घरातलं बघते."

"बरं. दूध-दही?"

"असतंय की."

डिग्रजेबाईंनी 'दुसरे औषध नाही' असं लिहिलं आणि संग्रामला रक्त द्यायला पाठवायला सांगितलं. "आत्ती, हे खेळण्यातलं नाही. आठवड्याची गोळी वाया गेली की शेवटचे तीन-चार दिवस अंग उघडं पडतं. हा विषाणू काही पेशींत दडी मारून बसलेला असतो. पहारा उठला की बाहेर येतो आणि स्वतःच्या नकला काढायला लागतो. नकला काढताना ढिसाळपणे चुका करतो, आणि त्यातली एखादी चुकीची नक्कल अशी निघते की तिच्यावर हे औषध चालतच नाही. मग ती वाढते. मग ही गोळी गेली कायमची. आणि मयुरीलाही धोका, हे लक्षात घ्या."

गुरुवारी पट्टा लाल झाला.

संग्राम बागेवर गेलेला, मयुरी कामावर. आत्तीनं सुट्टी टाकली आणि सुनेची खोली झाडायला घेतली. कपाट, पेटी, गादीखाली, उशीच्या अभ्ऱ्यात. काही सापडलं नाही. मग भिंतीवरचं कॅलेंडर तिनं उचलून मागं बघितलं. मागच्या कोऱ्या बाजूला मयुरीच्या बारीक अक्षरात रविवार लिहिलेले होते, एकाखाली एक. प्रत्येकापुढं न्याहारीला काय होतं ते. पोहे, थालीपीठ, उप्पीट. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच दोन शब्द, 'ताक: आत्ती'. शेवटच्या दोन ओळींत त्याखाली रेघ मारलेली होती.

आत्ती पलंगावर बसली. जिच्यावर आपण पहारा ठेवला ती आपल्यावरच पहारा ठेवून होती. आधी तिला रडू आलं आणि मग संताप आला.

संध्याकाळी दोघं दारात चपला काढत होती तेव्हाच तिनं कॅलेंडर त्यांच्यापुढं टाकलं.

"हे काय हाय?"

मयुरी गोरीमोरी झाली, पण मागं सरली नाही. "मी नोंद ठेवत होते. शीतगृहात तापमान बिघडलं की आम्ही असंच करतो, दार कुणी उघडलं ते आधी लिहितो."

"दार म्या उघडलं म्हणतीस? मी ह्याला विष घालते?"

"असं मी म्हटलं नाही."

"लिहिलंस की. तीस वर्सं ह्याच्या तोंडात गोळी घातली ह्या हातानं. तू आठ म्हैन्यांची पाव्हणी. वेळ कुणी बदलली? डबी कुणाच्या कपाटात असती? तुला लेकरू नको असंल तर सरळ सांग. माझ्या पोराला मारू नको."

मयुरीनं संग्रामकडं बघितलं. तो खाली बघत होता. बाराबारा तास उन्हात उभा राहिलेला माणूस, आणि रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. तो एवढंच म्हणाला, "मयुरी, वेळ बदलायला नको होती आपण."

"म्हणजे तुम्हालाही तसंच वाटतंय."

"मी तसं म्हणालो न्हाई."

"माझ्या मनात काय आलं ते मी आता सांगूनच टाकते," मयुरी आत्तीला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, फक्त कोरडा झाला. "लेकरू आलं की हे तुमचे राहणार नाहीत, असं तुम्हाला वाटतं. म्हणून हिरवा टिकू नये. हे खोटं ठरावं असंच मला वाटतं, आत्ती. पण महिनाभर मी याच विचारात आहे."

दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन कवठेमहांकाळला आईकडं गेली. आत्तीनं अडवलं नाही. तिला वाटलं, चला, कळलंच की.

लगेच शनिवारी संग्राम तिची समजूत काढायला गेला. गोळी खिशात घेऊन गेला, रविवारी सकाळी सासूच्या घरी पोह्यांवर चहाबरोबर घेतली. सोमवारी एकटाच परतला. मयुरी यायला तयार नव्हती. गुरुवारी आत्ती मनगटाकडं बघत बसली. नऊ वाजले, दहा वाजले. पट्टा हिरवा होता. शुक्रवारी हिरवा, शनिवारीही हिरवाच.

"बघितलंस?" ती संग्रामला म्हणाली. "आईपुढं हिंमत झाली न्हाई तिची. बरोबर दिली गोळी."

संग्राम म्हणाला, "तूच बरोबर असशील, आत्ती. मला काय समजंना झालंय." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आत्तीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पोरगा परत आपला झाला, असं तिला वाटलं. वाटलं त्याचा आनंद झाला, आणि आनंद झाला त्याची लाज वाटली नाही.

रविवारी डबी आत्तीच्या हातात होती. गोळी तिनं स्वतः काढली, स्वतः दिली. थालीपीठ तिचं, ताक तिचं, जीभही तिनंच तपासली. घरात तिसरं माणूस नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती शेडवर होती. यंत्रानं टाकलेल्या बेदाण्याचा ढीग पुढ्यात. दाणा उचलायला हात पुढं केला आणि पट्टा पिवळा झाला.

ती उठली. मालकाला न सांगता, पदराला बेदाण्याचं चिकट लागलेलं तसंच, दवाखान्यात गेली. डिग्रजेबाईंच्या खोलीत दुसरं कुणी होतं, ती बाहेर बाकावर बसून राहिली. सून घरात नाही, गोळी अस्सल, गिळताना मी बघितलं. सुनेच्या घरी हिरवा, माझ्या घरी पिवळा. निवडून निवडून ढिगात एकच दाणा उरला होता, आणि तो तिला हातात घ्यावासा वाटत नव्हता.

आत गेल्यावर डिग्रजेबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. रिपोर्ट आलाय. रक्तात विषाणू दिसायला लागलाय, थोडा. औषधाला तो अजून दाद देतोय, हे नशीब. पण आणखी महिनाभर असं चाललं तर मी खात्री देणार नाही."

आत्तीनं पाणी मागितलं. पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, मी रविवारी सकाळी काय काय करते ते सगळं सांगते. तुम्ही मधी बोलू नका."

तिनं सांगितलं. पाच वाजता उठते. दही घुसळते. थालीपिठाचं पीठ मळते. कांदा चिरते. संग्राम आठला बसतो. तांब्यात ताक ओतते, मीठ, जिरं, चुना—

"काय?"

"चुना. हाडांसाठी. खायचा चुना, पानाच्या गादीवर मिळतो तो. गव्हाएवढा घाला म्हणतात. पोराची हाडं फारच गेलेली, म्हणून मी हरभऱ्याएवढा घालते. त्याला म्हाईत न्हाई, चुना म्हटलं की तो ताक पिणार न्हाई. उन्हाळ्यापासून रोज देते." आत्ती थांबली. बाईंचा चेहरा तिला दिसला. "चुना म्हंजे औषध न्हवं. तुम्ही गोळ्या विचारल्या."

डिग्रजेबाईंनी चष्मा काढला. "माझंही चुकलं. घरातलं बघते म्हणालात, तेव्हा काय बघता ते विचारायला हवं होतं." मग त्या सावकाश सांगायला लागल्या. विषाणूजवळ एक कात्री असते. आपल्या पेशीच्या गाभ्यात ती काप घेते आणि विषाणूचा तुकडा तिथं शिवून टाकते. त्या कात्रीच्या तोंडाशी मॅग्नेशियमचे दोन कण असतात, त्यांच्याशिवाय ती चालत नाही. हे औषध जाऊन नेमके तेच कण घट्ट धरतं. म्हणजे औषधाचं कामच मुळी धातूला पकडण्याचं. "आणि चुना म्हणजे कॅल्शियम. तोही धातूच. गोळी पोटात विरघळली की तिला आधी तुमचा चुना भेटतो. ती त्यालाच धरते, आणि दोघंही तसेच बाहेर. रक्तात जातं ते अर्धंमुर्धं. पूर्वी गोळी रात्री होती, ताक सकाळी. त्यांची गाठ पडत नव्हती. सकाळी आणल्यावर पडायला लागली."

"म्हंजे तिनं वेळ बदलली म्हणून."

"तिला चुन्याचं माहीत होतं?"

माहीत नव्हतं. एकट्या आत्तीला माहीत होतं.

"संग्रामला मी फोन करून सांगते, की गोळी परत रात्री घे आणि कॅल्शियम लागलंच तर वेगळ्या वेळी, मी देईन ते. हिरव्याचे सहा महिने मात्र पहिल्यापासून मोजायचे. बाकीचं काय आणि कुणाला सांगायचं, ते तुमच्या घरातलं आहे. मी ते बोलणार नाही."

दवाखान्याच्या फाटकाबाहेर आत्ती उभी राहिली. सोपं होतं ते किती सोपं होतं, ते तिला लख्ख दिसलं. चुन्याची डबी गटारात टाकायची. गोळी रात्री द्यायची. पट्टा हिरवा होणार, आणि हिरवाच राहणार. लोक म्हणतील, सून गेली आणि पोरगा सुधारला. इंदूताईही तेच म्हणेल, आणि संग्राम तर म्हणून बसलाच आहे. तीस वर्षांचं नाव जिथल्या तिथं राहील. मयुरी काही म्हणाली तरी तिचं कोण ऐकणार? आत्तीनं भावकीशी भांडताना ज्या गोष्टीचा सगळ्यांत राग केला होता ती हीच होती, की आजाराला काहीतरी कारण लागतं आणि माणसं सगळ्यांत दुबळं माणूस बघून त्याच्या गळ्यात ते बांधतात. तिच्या वहिनीच्या, संग्रामच्या आईच्या, गळ्यात बांधलं होतं, खरं तर भाऊ आधी आजारी पडला असताना. तेव्हा शेवंतानं सगळ्यांना शिव्या घातल्या होत्या.

ती स्टँडवर गेली आणि कवठेमहांकाळच्या गाडीत बसली. शेडवर फोन केला नाही, घरीही केला नाही. घरी केला असता तर संग्राम म्हणाला असता, राहू दे, मी सांगतो तिला, आणि त्यानं ते अर्धंच सांगितलं असतं, आत्तीला सांभाळून.

दार मयुरीच्या आईनं उघडलं. तिनं या म्हटलं, पण दारातून बाजूला व्हायला जरा वेळ घेतला. आत्ती सोप्यात खुर्चीवर बसली. मयुरी आतून आली आणि उभीच राहिली.

"ते बरे आहेत?"

"बरा हाय." आत्तीनं वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. पोराच्या काळजीनं, हाडांच्या डॉक्टरनं, लोक म्हणतात म्हणून. त्यातलं एकही तिनं काढलं नाही. "म्या केलं ते. ताकात चुना घालत होते, त्याच्या न कळत. गोळी सकाळी आली आणि चुन्यानं ती खाल्ली. तुझं वेळ बदलणं चुकलं न्हवतं. तू लिहिलंवतंस ते बरोबर होतं. आजच कळलं मला, आणि संग्रामला अजून म्हाईत न्हाई. आधी तुला सांगायचं होतं, कारण नाव तुझं घेतलं मी."

आत कुकरची शिट्टी झाली. मयुरीची आई गॅस बंद करायला गेली आणि बाहेर आली नाही.

"मुद्दाम नाही केलंत," मयुरी म्हणाली. ते तिनं विचारलं की सांगितलं, ते आत्तीला कळलं नाही.

"न्हाई. पण तू माझ्यावर संशय घेतलास त्याचा मला राग आला, आणि मी तुझ्यावर घेतला तो मला खराच वाटला. हे मुद्दाम न्हाई तर काय हाय?"

मयुरी समोर बसली. तिला रडू येत होतं आणि ते आत्तीपुढं यावं असं तिला वाटत नव्हतं. "मी नुसती ताकाखाली रेघ मारून थांबले नव्हते, आत्ती. मी तुम्ही केलेलं सगळंच खायचं बंद केलं होतं. शेवटचे पंधरा दिवस. भाजी वाढून घ्यायचे आणि डब्यात भरून कामावर टाकून द्यायचे. तुम्हाला कळलं नाही."

एवढी बारीक नजर, आणि कळलं नव्हतं. आत्तीनं खाली बघितलं. मग तिनं बांगड्या वर सारल्या, पट्ट्याची कडी काढली आणि तो मयुरीपुढं धरला.

"संग्रामला इचार. पण तू घालावास असं मला वाटतं."

मयुरीनं तो घेतला, हातात घालून न बघता मुठीत ठेवला. मग ती म्हणाली, "मी येईन. यांच्यासाठी येईन, आणि सहा महिने पहिल्यापासून मोजायला लागले तरी मोजीन. पण एक सांगते, तुम्हाला वाईट वाटेल. तुमच्या हातचं मला इतक्यात खाववणार नाही. कळतंय मला तुम्ही काही करणार नाही, तरी घास खाली जाणार नाही. किती दिवस ते माहीत नाही."

शेवंतानं आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं होतं, नवऱ्याचं, भावकीचं, हेडमास्तरांचं, आणि प्रत्येकाला तिथल्या तिथं उत्तर दिलं होतं. हे मात्र तिला जिव्हारी लागलं. ती पदरानं डोळे पुसत बसली. मयुरीनं तिला रडू दिलं.

"नको खाऊस," शेवटी आत्ती म्हणाली. "तू कर. मी खाते."